बँक खातं अचानक गोठलं? आधी विचारा, कुणाच्या आदेशानं

खात्यात पैसे दिसतात, पण निघत नाहीत. शाखेत गेलं की काउंटरवरून उत्तर येतं, "वरून बंद झालंय." वरून म्हणजे कुणाकडून, हे कळल्याशिवाय पुढचा कोणताही अर्ज किंवा चक्कर कामाला येत नाही. केवायसी (ओळख आणि पत्त्याची बँकेतली पडताळणी) थकल्यामुळे थांबलेलं खातं आणि दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून थांबलेलं खातं बाहेरून अगदी सारखं दिसतं. पहिलं आधारची झेरॉक्स आणि एका सहीवर सुटतं. दुसऱ्याला शाखाधिकारी मनात असूनही हात लावू शकत नाही. ज्यानं खातं थांबवलं, त्याच्याच पत्रानं ते सुरू होतं. म्हणून आधी कारण शोधायचं, तेही लेखी.

खरंच खातं थांबलंय का?

बऱ्याचदा खातं ठीक असतं आणि अडचण दुसरीकडेच असते. यूपीआयचा पिन लागोपाठ चुकला की व्यवहार दुसऱ्या दिवसापर्यंत अडतो. एटीएम कार्डाची मुदत संपलेली असते. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे आणि बांधकामावरच्या मजुरांचे अंगठे घासलेले असतात, मशीन ठसा घेत नाही आणि माणूस समजतो की खातं बंद पडलं. पीएम किसान किंवा लाडकी बहीणचा हप्ता आला नाही, एवढ्यावरूनही खातं गोठलं असं ठरवू नका. एका आधारवर सरकारी अनुदान एकाच बँकेत जातं, आणि ती बँक बहुधा तुम्ही शेवटी आधार जोडलेली असते. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं की पैसे कुठं जातायत ते कळतं.

हे सगळं वगळलं की दोन चाचण्या करा. शाखेत स्लिप भरून शंभर रुपये काढून पाहा, आणि दुसऱ्याच्या मोबाईलवरून दहा रुपये खात्यात टाकून पाहा. पैसे येतात पण निघत नाहीत, तर डेबिट फ्रीज आहे. येतही नाहीत, टाकले की परत जातात, तर पूर्ण फ्रीज. काही रक्कम निघते आणि शिल्लक एका आकड्याखाली जायला लागली की मशीन नाही म्हणतं, तर तेवढ्या रकमेवर होल्ड आहे. बँका त्यालाच लीन म्हणतात. ॲपमध्ये एकूण शिल्लक आणि उपलब्ध शिल्लक असे दोन आकडे दिसतात, त्यांच्यातला फरक म्हणजे होल्डची रक्कम. ती रक्कम टिपून ठेवा. पुष्कळदा तिच्यावरूनच कारण सापडतं, कारण ती एखाद्या जमा झालेल्या व्यवहाराशी किंवा थकलेल्या कर्जाच्या हप्त्याशी रुपयापर्यंत जुळते.

शाखेत काय मागायचं

तोंडी विचारलं तर तोंडीच उत्तर मिळतं आणि ते दर काउंटरला बदलतं. साध्या कागदावर, मराठीत, दोन प्रतींत अर्ज लिहा. एका प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. मजकूर एवढा पुरे:

"माझ्या बचत खात्यातून दि. … पासून व्यवहार होत नाहीत. कृपया पुढील माहिती लेखी द्यावी. निर्बंध कोणत्या तारखेला लावला. तो डेबिट फ्रीज, पूर्ण फ्रीज की लीन आहे. लीन असल्यास रक्कम किती. कोणत्या कार्यालयाच्या आदेशाने लावला, पत्राचा क्रमांक, तारीख व कलम. सायबर तक्रारीवरून असल्यास तक्रार क्रमांक, पोलीस ठाणे, तपास अधिकाऱ्याचा अधिकृत ईमेल, आणि माझ्या खात्यातील आक्षेपार्ह व्यवहाराची तारीख, रक्कम व यूटीआर (व्यवहाराचा संदर्भ) क्रमांक."

शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच मजकूर नोंदवलेल्या ईमेलवरून शाखेला आणि बँकेच्या तक्रार विभागाला पाठवा, किंवा रजिस्टर पोस्टानं धाडा. पोच महत्त्वाची, कारण पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर तीस दिवस या तारखेपासून मोजले जातात.

गूगलवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करू नका. खातं बंद पडल्यावर माणूस घाईला आलेला असतो आणि भामटे नेमकं त्यालाच गाठतात. नंबर पासबुकवरचा किंवा कार्डाच्या मागचाच घ्या. केवायसीसाठी कोणतीही बँक व्हॉट्सॲपवर एपीके (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी) फाईल पाठवत नाही.

केवायसी थकली असेल तर

हे सर्वांत साधं आणि सर्वांत जास्त आढळणारं कारण. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कमी जोखमीच्या ग्राहकाची केवायसी दर १० वर्षांनी, मध्यम जोखमीच्या ग्राहकाची ८ वर्षांनी आणि जास्त जोखमीच्या ग्राहकाची २ वर्षांनी नव्यानं करावी लागते. मुदतीआधी बँकेनं किमान तीन सूचना द्यायच्या असतात, त्यातली एक पत्रानं. मुदत उलटल्यावर पुन्हा तीन स्मरणपत्रं, त्यातही एक पत्र. जून २०२५ च्या दुरुस्तीनं कमी जोखमीच्या ग्राहकाला मुदत संपल्यापासून एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यातलं जे नंतरचं असेल तोवर व्यवहार चालू ठेवण्याची सवलत दिली. शेतकरी, मजूर, पेन्शनर, विद्यार्थी यांची खाती सहसा याच गटात येतात. त्यामुळे सूचना मिळाली नसेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा आणि आधी दिलेल्या सूचनांच्या तारखा मागा.

पत्ता आणि नाव तेच असेल तर 'काही बदल नाही' एवढं स्वघोषणापत्र पुरतं. ते नोंदवलेल्या मोबाईलवरून, ईमेलवरून, नेट बँकिंगमधून किंवा पत्रानंही देता येतं. गावातला बँक मित्रही ते घेऊ शकतो. केवायसीसाठी मूळ शाखेतच जायची गरज नाही, त्याच बँकेची कोणतीही शाखा चालते. पुणे-चाकणला राहणाऱ्या पोरांनी एवढ्यासाठी गावाकडं यायची गरज नाही.

केवायसी दिली तरी खातं सुरू होत नाही, याची बहुतेक दोन कारणं असतात. पहिलं, झेरॉक्स घेतली पण नोंद संगणकात पडली नाही. म्हणून पोच घ्या आणि दोन दिवसांनी "केवायसीची नवी तारीख सिस्टीममध्ये दिसते का" असं विचारा. दुसरं, एकाच माणसाचे दोन ग्राहक क्रमांक असतात. एक बचत खात्याचा, दुसरा जुन्या पीककर्जाचा किंवा बँकांच्या विलीनीकरणातून आलेला. एकावर केवायसी होते, दुसरा थकलेलाच राहतो. दोन्ही क्रमांक एकत्र करून द्या असा अर्ज करा. नावांचा घोळही पाहून घ्या. आधारवर 'ज्ञानोबा', पॅनवर 'ज्ञानदेव' आणि पासबुकावर आडनाव पुढे, अशा कागदांवर संगणक नोंद परत फेकतो. आधी आधार दुरुस्त करा, मग त्याप्रमाणे पॅन, मग बँक. पॅन नसेल तर त्याऐवजीचा घोषणा फॉर्म बँकेतून घेऊन भरून द्या.

दोन वर्षं हात न लावलेलं खातं

दोन वर्षांहून जास्त काळ तुम्ही स्वतः एकही व्यवहार केला नाही तर खातं 'निष्क्रिय' होतं. बँकेनं टाकलेलं व्याज किंवा कापलेले चार्जेस तुमचा व्यवहार धरले जात नाहीत. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे असं खातं सुरू करायला शुल्क नाही, आणि निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावता येत नाही. केवायसी देऊन अर्ज पूर्ण केला की बँकेनं तीन कामकाजाच्या दिवसांत तो निकाली काढायचा असतो. दहा वर्षं पडून राहिलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते, पण हक्क संपत नाही. 'उद्गम' या पोर्टलवर नाव टाकून शोधता येतं.

छोट्या खात्यात मोठी रक्कम

हे कारण ऊसतोड मुकादमांच्या आणि नव्या पिढीच्या खात्यांत फार दिसतं, आणि ते शाखेतून नीट समजावून सांगितलं जात नाही. घरबसल्या फक्त आधारच्या ओटीपीवर उघडलेल्या खात्यात शिल्लक एक लाखाच्या वर जाऊ शकत नाही, आर्थिक वर्षात एकूण जमा दोन लाखांच्या वर जाऊ शकत नाही, आणि एका वर्षात पूर्ण केवायसी झाली नाही तर खातं थांबतं. ओळखपत्राशिवाय उघडलेल्या 'छोट्या खात्या'ची मर्यादा आणखी कमी: शिल्लक ५० हजार, वर्षाची जमा एक लाख, महिन्याला काढायचे फक्त १० हजार. अशा खात्यावर दिवाळीच्या तोंडावर टोळीची उचल म्हणून चार लाख आले की ते अडकणारच. शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करा आणि खात्याचा प्रकार बदलून घ्या.

मर्यादा नसलेल्या खात्यातही अचानक मोठी रक्कम आली की बँकेची यंत्रणा विचारणा करते. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मावेजा (मोबदला), प्लॉटची विक्री, मयताच्या विम्याची रक्कम, अशा वेळी निवाड्याची प्रत, सातबारा, खरेदीखत किंवा विमा कंपनीचं पत्र आपण होऊन द्या. कागद दिल्यावर असा अडसर लवकर निघतो.

कर्जापोटी होल्ड

मराठवाड्यात पावसानं पीक गेलं की पुढच्या काही महिन्यांत ही तक्रार ठरलेली. पीककर्ज थकतं, त्याच ग्राहक क्रमांकावर बचत खातं असतं, आणि शाखा बचत खात्यावर होल्ड लावते. तुमचं स्वतःचं कर्ज नसेल तरी जामीनदार म्हणून सही असेल तर तुमचंही खातं अडतं. जोडखातं असेल तर बायकोच्या पैशालाही झळ बसते.

करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये बँकेला येणं असलेल्या रकमेसाठी ग्राहकाच्या ठेवीवर हक्क सांगता येतो, हे खरं. पण अतिवृष्टी, पूर, दुष्काळ यांच्या मदतीच्या शासन निर्णयांत महसूल खातं स्पष्ट लिहितं की या रकमेतून कोणत्याही बँकेनं कर्जाची वसुली करू नये. म्हणून लढाई त्या रकमेपुरती करा, तिथं तुमची बाजू भक्कम आहे. पासबुकात अनुदान जमा झाल्याची नोंद अधोरेखित करा, शासन निर्णयाची प्रत जोडा (ती राज्य शासनाच्या संकेतस्थळावर मिळते, तहसीलमध्येही असते), आणि शाखाधिकाऱ्याला अर्ज द्या. त्याच दिवशी एक प्रत तहसीलदारांना आणि एक जिल्ह्याच्या अग्रणी बँक (जिल्ह्यातल्या बँकांत समन्वय ठेवणारी बँक) व्यवस्थापकाला द्या. शाखा ऐकत नाही तिथं अग्रणी बँकेचा फोन चालतो. तरीही अडलं तर पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथं मांडा. अर्जात "सर्व होल्ड काढा" एवढं मोघम लिहू नका. "दि. … रोजी जमा झालेली नैसर्गिक आपत्ती मदतीची रक्कम रु. … वसुलीतून मुक्त करा" असं लिहा.

सायबर पोलिसांचा होल्ड

आता सर्वांत अवघड भाग. यात निरपराध माणसं फार भरडली जातात, म्हणून नीट समजून घ्या.

कुठंतरी एखाद्याची फसवणूक होते. तो १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करतो किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकतो. त्याचे पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढं कुठं गेले, हे बँका एकमेकींना कळवत जातात आणि साखळीतल्या प्रत्येक खात्यावर होल्ड पडतो. तुमचं खातं त्या साखळीत तिसरं-चौथं असू शकतं. फसवणूक कुठं झाली, कुणी केली, याचा तुम्हाला पत्ताही नसतो.

आपल्याकडं पैसे या साखळीतून कसे येतात? मोंढ्याबाहेर (बाजार समितीबाहेर) परस्पर माल विकला आणि व्यापाऱ्यानं भलत्याच माणसाच्या खात्यावरून पैसे पाठवले. मोबाईल दुकानात, ढाब्यावर किंवा सेवा केंद्रात अनोळखी माणसानं क्यूआर स्कॅन करून पैसे टाकले आणि रोख मागून नेली. ऑनलाइन गेममधून पैसे काढले. क्रिप्टो विकून अनोळखी खात्यावरून रुपये घेतले. आणि सर्वांत घातक प्रकार म्हणजे लातूर, नांदेड, संभाजीनगरला शिकणाऱ्या पोरांनी कमिशनवर खातं, सिम आणि एटीएम 'वापरायला' देणं. हा शेवटचा प्रकार गुन्हा आहे. तसं झालं असेल तर पोलिसांना काहीही लिहिण्याआधी वकिलाला भेटा. पुढच्या पायऱ्या खातं न दिलेल्यांसाठी आहेत.

बँकेकडून १४ अंकी तक्रार क्रमांक घ्या. एकच आहे की अनेक, हे जरूर विचारा. दोन-तीन राज्यांतल्या तक्रारी एकाच खात्यावर असतात आणि एका ठाण्याचं पत्र आलं तरी बाकीचे होल्ड तसेच राहतात. लोक इथंच महिनोन् महिने फसतात.

मग व्यवहार ओळखा. यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ अंकी असतो, एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरी. तो सहा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये शोधा, त्यावर खूण करा. ते पैसे कशाचे होते याचा पुरावा काढा: आडत्याची पट्टी, काट्याची पावती, बिल, डिलिव्हरी चलन, गिऱ्हाईकाशी झालेलं चॅट, दुकानाचा परवाना, त्या दिवसाचं सीसीटीव्ही असल्यास त्याची प्रत. सीसीटीव्हीचं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

हे सगळं एका पीडीएफमध्ये करून तपास अधिकाऱ्याच्या सरकारी ईमेलवर पाठवा. विषयात तक्रार क्रमांक आणि खात्याचे शेवटचे चार अंक टाका. दुसऱ्या राज्यात पाठवायचं तर हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. मजकुरात तीन गोष्टी हव्यात: हे पैसे कोणत्या मालापोटी आले, तक्रारदाराशी किंवा आरोपीशी माझा संबंध नाही, आणि वादातल्या रु. … एवढ्याच रकमेवर होल्ड ठेवून बाकी खातं मोकळं करावं. ही तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. दोन हजारांच्या व्यवहारासाठी दोन लाख अडवून ठेवायचं कारण नाही, आणि केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत निर्बंध वादग्रस्त रकमेपुरता ठेवायला सांगितलं होतं.

लगेच रेल्वेचं तिकीट काढून परराज्यात धावू नका. आधी ईमेल, आठवड्यानं ठाण्याच्या अधिकृत नंबरवर फोन, मग पुन्हा ईमेल. 'साहेबांना इतके पाठवा, आज खातं सुटेल' असा फोन आला तर तो फोनच दुसरी फसवणूक समजा. तक्रारदाराला पैसे परत करायची तयारी असेल तरी ते परस्पर कुणाच्या यूपीआयवर टाकू नका. तक्रार क्रमांकाच्या हवाल्यानं, अधिकाऱ्याच्या लेखी सूचनेवर, बँकेमार्फतच जाऊ द्या. नाहीतर पैसेही जातात आणि होल्डही राहतो.

अधिकाऱ्याचं ना-हरकत पत्र सरकारी ईमेलवरून थेट बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडं (पोलिसांशी पत्रव्यवहारासाठी नेमलेला अधिकारी) जावं लागतं. तुमच्या हातात दिलेला कागद शाखा बहुधा मानत नाही. प्रत स्वतःकडं मागून घ्या आणि शाखेत दाखवून पाठपुरावा करा.

उत्तरच आलं नाही तर कायद्याचा रस्ता आहे. १ जुलै २०२४ पासून पोलिसांचा जप्तीचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. जुन्या फौजदारी संहितेत तो कलम १०२ मध्ये होता. बँक खातं या कलमाखाली येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्येच ठरवलं. पण याच कलमात जप्तीची माहिती दंडाधिकाऱ्याला तत्काळ कळवण्याचं बंधन आहे. ती कळवली का, हे वकिलामार्फत विचारा. खातं मोकळं करण्यासाठी त्या ठाण्याच्या हद्दीतल्या दंडाधिकाऱ्याकडं याच नव्या संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो. रक्कम मोठी असेल आणि कोणीच दाद देत नसेल तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात रिट याचिकेचा पर्याय वकिलाशी बोलून पाहा. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही.

इतर दोन प्रकार

आयकर, जीएसटी किंवा दिवाणी न्यायालयाच्या आदेशानं खातं थांबलं असेल तर बँकेकडून फक्त आदेशाची प्रत घ्या. बाकी काम त्या कार्यालयात. जीएसटीची तात्पुरती जप्ती एक वर्षानं आपोआप संपते, पण बँकेला तसं लेखी लक्षात आणून द्यावं लागतं.

सगळ्याच ठेवीदारांचे पैसे अडले असतील तर तो तुमच्या खात्याचा प्रश्न नाही. रिझर्व्ह बँकेनं बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली त्या बँकेवरच निर्बंध घातलेले असतात. अशा वेळी ठेव विम्याखाली पाच लाखांपर्यंतची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी शाखेत दावा अर्ज आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील वेळेत द्या. हा विमा सहकारी बँकांना आहे, पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांना नाही.

बँकच ऐकत नसेल तर

शाखा, मग बँकेचा तक्रार विभाग. ग्रामीण बँकेचे ग्राहक असाल तर महाराष्ट्र ग्रामीण बँकेचं मुख्यालय संभाजीनगरातच आहे, तिथं लेखी तक्रार देता येते. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर टाकता येते, चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे, फी नाही, वकील लागत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही या योजनेत आल्या आहेत. पोलिसांचा आदेश लोकपाल बदलत नाही. पण ना-हरकत पत्र येऊनही बँक खातं उघडत नसेल, किंवा कारणच सांगत नसेल, तर ती बँकेची सेवेतली कसूर आहे आणि तिच्यावर तक्रार चालते.

खातं बंद असेपर्यंत

पगार, दुधाचं बिल, मालाचे पैसे या खात्यात येऊ देऊ नका. डेबिट फ्रीजमध्ये येणारा प्रत्येक रुपया आत अडकतो. दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खातं उघडून आधार तिथं जोडून घ्या, म्हणजे पुढची अनुदानं तिकडं जातील. ट्रॅक्टरचा, गाडीचा हप्ता या खात्यातून कटत असेल तर फायनान्सवाल्यांना तारखेआधी ईमेल करा, हप्ता दुसरीकडून भरा आणि ऑटो-डेबिट बदलून घ्या. नाहीतर दरवेळी बाउन्सचा दंड लागतो आणि सिबिल खराब होतो.

खातं सुरू झालं की त्याच दिवशी शाखेतून, एटीएममधून आणि यूपीआयवरून एकेक छोटा व्यवहार करून पाहा. डेबिट फ्रीज निघतो पण लीन राहून जातो, किंवा शाखेत पैसे निघतात आणि यूपीआय बंदच राहतं, असं होतं. राहिलेल्या प्रत्येक अडसरासाठी जुन्या पोचेचा क्रमांक घालून तिथल्या तिथं दुसरा अर्ज द्या. ना-हरकत पत्र, अर्ज आणि पोच यांची फाईल टाकून देऊ नका. त्याच साखळीतल्या दुसऱ्या तक्रारीवरून नवा होल्ड आला तर हेच कागद पुन्हा पाठवावे लागतात.